पंप बंद करणारी ओळ

ओला टॉवेल पलंगावर टाकू नये, ही गोष्ट वाल्देमार फोंतानाला त्याच्या बायकोने एकतीस वर्षांत जितक्या वेळा सांगितली, तितक्या वेळा तिच्या बालवाडीतल्या एकाही पोराला सांगावी लागली नव्हती. कॉफीचा कप खिडकीत, चष्मा फ्रिजवर, आणि कात्री कुठे ते देवालाही ठाऊक नाही, अशी त्याची राहणी. पण हाच माणूस संगणकासमोर बसून पास्कल भाषेत प्रोग्राम लिहायला लागला, की त्याच्याइतका टापटिपीचा माणूस ब्राझीलमधल्या सबंध मारिंगा शहरात सापडला नसता. पंचवीस वर्षं त्याने औषधांच्या दुकानांना, टायरवाल्यांना आणि एका मोठ्या बेकरीला प्रोग्राम लिहून दिले. त्यात संगणकाकडून चिमूटभर जागा जरी मागून घेतली, तरी काम झाल्यावर ती झाडूनपुसून परत केलेली असे.

"तू त्या डब्यातच राहायला जा," त्याची बायको इव्होनेत म्हणायची. "तिथे तू शहाण्यासारखा वागतोस."

तर हा वाल्देमार राहायचा जाकारांदा नावाच्या दहामजली इमारतीत, सहाव्या मजल्यावर. इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा तरंगता गोळा कार्निव्हलच्या सुट्टीत मोडला, आणि तेव्हापासून ते काम पहारेकरी सेऊ (म्हणजे आपल्याकडचं ‘राव’) जेनेझियो यांच्या गुडघ्यांवर आलं होतं. दिवसातून दोनदा त्यांनी लिफ्टने दहाव्या मजल्यावर जायचं, तिथून बावीस पायऱ्यांची लोखंडी शिडी चढायची, झाकण उचलून आत डोकावायचं, खाली येऊन पंप चालू करायचा आणि पाऊण तासाने पुन्हा वर. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, निवृत्तीला चौदा महिने बाकी. ते प्रत्येक पायरीला एका संताचं नाव घेत. एकोणिसाव्या पायरीला संत संपत, म्हणून शेवटच्या तीन पायऱ्या ते फुटबॉल खेळाडूंच्या भरवशावर चढत.

एका सकाळी वाल्देमारने हे ऐकलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "सेऊ जेनेझियो, आता तुम्ही ती शिडी चढायची नाही. मी प्रोग्राम लिहितो. हा माझा शब्द."

शब्द देताना माणसाने आजूबाजूला पाहावं. मागे दहाव्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर एवेराल्दो उभे होते.

"दोन वायरी, सेऊ वाल्देमार," ते दोन बोटं नाचवत म्हणाले. "नवीन गोळा आणि दोन वायरी. कुठलाही इलेक्ट्रिशियन एका दुपारी बसवून देईल."

"गोळ्याला भरलेलं आणि रिकामं एवढंच कळतं, डॉक्टर. माझा प्रोग्राम टाकीत किती लिटर पाणी आहे तेही सांगेल."

"कोणाला?"

"ज्याला जाणून घ्यायचंय त्याला."

"कोणाला जाणून घ्यायचंय?"

ज्या प्रश्नाला उत्तर नसतं त्याने माणूस जास्तच पेटतो, हे मुलांना शिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं, आणि अठ्ठावन्न वर्षांची मुलंही याला अपवाद नसतात.

इमारतीच्या अध्यक्षा होत्या दोना झुलैका, म्हणजे झुलैकाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी सभा बोलावली आणि सभेने परवानगी दिली. पण टाकीतून वायर खाली आणायला गच्चीच्या भिंतीला भोक पाडायचं होतं. करंगळीएवढ्या त्या भोकाला अभियंत्याचा दाखला हवा होता, दाखल्यावर वाल्देमारची सही हवी होती, आणि ती सही वाल्देमारचीच आहे असा शिक्का नोटरीच्या कचेरीतून हवा होता.

कचेरीतल्या मुलीने सही केलेला कागद आणि त्याच्या सहीचा नमुना असलेलं १९८७ सालचं जुनं कार्ड शेजारी शेजारी ठेवलं. "ही तुमची सही नाही."

"अहो, मी स्वतः तुमच्यासमोर उभा आहे!"

"तुम्ही आहात," ती शांतपणे म्हणाली. "सही नाहीये."

त्या कार्डावरची सही एकवीस वर्षांच्या, केसाळ, नुकत्याच प्रेमात पडलेल्या वाल्देमारची होती. तिच्या शेवटाला शेपटीसारखा एक झोकदार फटकारा होता. वाल्देमारने दोन दिवस जेवणाच्या टेबलावर बसून तो फटकारा गिरवला.

"काय चाललंय?" इव्होनेतने विचारलं.

"माझीच खोटी सही शिकतोय," तो म्हणाला.

अखेर शिक्का मिळाला, भोक पडलं, टाकीत पाण्याची पातळी मोजणारं यंत्र सोडलं गेलं आणि संगणक खाली पहारेकऱ्याच्या खोलीत बसला. प्रोग्राम म्हणाल तर अगदी सरळ. टाकी रिकामी झाली की पंप चालू करायचा, पातळी मोजत राहायची, आणि टाकी भरली की अगदी शेवटची ओळ : पंप बंद. अकरा दिवस सगळं सुरळीत चाललं. सेऊ जेनेझियो खुर्चीत बसून लिटर वाचत. शिडीच्या दाराची किल्ली मात्र त्यांनी खिशातच ठेवली होती. "असू दे," ते म्हणत. "खिशाला सवय आहे."

बाराव्या दिवशी रविवार होता. डॉक्टर एवेराल्दोंच्या सज्जात निखाऱ्यांवर मांस भाजणं चाललं होतं, सासुरवाडीची माणसं आलेली. त्याच वेळी, पंप चालू असताना, एका कबुतराने वायर चोचीने उपसली. प्रोग्रामने टाकीला विचारलं, किती लिटर? उत्तर आलं नाही. अशी काही चूक झाली की पास्कलमधला प्रोग्राम हातातलं काम तसंच टाकून तिथून बाहेर पळतो, आणि खाली ज्या ओळी राहिल्या त्या राहिल्याच. दाराशी कोणी ओरडलं म्हणून दूध गॅसवर ठेवून धावणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. इथे राहून गेलेली ओळ एकच होती : पंप बंद.

टाकी भरली, वाहिली आणि सज्जात कोसळली. पाच मिनिटांनी वाल्देमारच्या दारात डॉक्टर एवेराल्दो उभे. हातात मांसाची सळई, सळईतून पाणी ठिबकतंय, भुवयांमधूनही.

"सेऊ वाल्देमार," ते म्हणाले, "किती लिटर होतं तेवढं जरा सांगा."

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, संगणक बंद करून पुन्हा चालू करा. दुसऱ्याने कबुतरांसाठी प्लॅस्टिकचं घुबड सुचवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी टाकीत टाकायला आशीर्वाद दिलेलं पाणी देऊ केलं. वाल्देमारने कोणाचंच ऐकलं नाही. पातळी मोजता आली नाही तर पंप बंद करायचा, अशी त्या एका चुकीपुरती सोय त्याने करून टाकली, आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटला, "आता अशक्य!"

अशक्य हा शब्द फार थोडे दिवस टिकतो. दोना झुलैकांनी सूचना केली की संध्याकाळी सहा ते नऊ वीज महाग असते, तेव्हा पंप चालवू नये. वाल्देमारने मान डोलावून प्रोग्राममध्ये मधेच एक ओळ घातली : सहा वाजले की काम सोडून बाहेर पड. गुरुवारी पावणेसहाला पंप चालू झाला. सहाच्या ठोक्याला प्रोग्राम आज्ञाधारकपणे बाहेर पडला. पंखा चालू ठेवून घरी निघणाऱ्या कारकुनासारखा. पंप बंद करणारी ओळ खाली तशीच राहिली.

या खेपेस पाण्याला लिफ्टच्या पोकळीची वाट सापडली. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये थांबली. आत दोना झुलैका होत्या, हातात खोबऱ्याचा केक होता, आणि केस त्याच दुपारी पार्लरमधून बसवून आणलेले होते. चाळीस मिनिटं छताच्या जाळीतून त्यांच्यावर संथ धार लागली होती. त्यांनी एकच हाक मारली.

"वाल्देमार!"

दहाही मजल्यांवर ती ऐकू गेली. तिच्यात ‘सेऊ’ नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी त्याला असं वर्गातल्या मुलासारखं पुकारलं होतं, आणि सहाव्या मजल्यावर वाल्देमार नकळत उठून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा झाली. जून महिन्याची जत्रा, म्हणजे शेकोटी, नाच आणि मक्याचे पदार्थ, आठ दिवसांवर आली होती. ठराव झाला की वाल्देमारला जत्रा संपेपर्यंत एक संधी द्यावी. तोवर इमारतीतल्या कोणाही व्यक्तीवर पुन्हा पाणी पडलं, तर संगणक काढून टाकायचा. मग नव्या गोळ्यासाठी तीन ठिकाणांहून दर मागवायचे, त्यावर मतदान घ्यायचं, आणि ते होईपर्यंत सेऊ जेनेझियोंनी पहिल्यासारखी शिडी चढायची.

"आणखी एक लिहा," डॉक्टर एवेराल्दो उठून म्हणाले. "आम्हाला नेहमी भिजल्यावर कळतं. बिघाडामुळे पंप बंद करायचा झाला तर त्या आधी रहिवाशांना निवेदन झालं पाहिजे. आधी! अधोरेखित करा."

ते लिहिलं गेलं, अधोरेखितही झालं.

सेऊ जेनेझियो मागच्या बाकावर गुडघा चोळत बसले होते. बाहेर पडताना ते वाल्देमारला हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, सेऊ वाल्देमार. संतांची नावं अजून पाठ आहेत मला."

डॉक्टरांची सळई आणि दोना झुलैकांची हाक वाल्देमारने सोसली होती. हे वाक्य मात्र त्याला सोसेना.

घरी इव्होनेत बालवाडीचे रंगाचे ब्रश वाळत घालत होती. तो तिच्यासमोर येरझाऱ्या घालू लागला. "एकदा चूक होऊन बाहेर पडला, एकदा घड्याळ बघून बाहेर पडला. अजून तिसरी वाट असेल, चौथी असेल. प्रत्येक वाटेवर मी पंप बंद करायची ओळ लिहीत बसू?"

"माझ्या वर्गात वीस मुलं चित्रं काढतात," ती म्हणाली. "कोणाचं पूर्ण होतं, कोणाचं फाटतं, कोणी रडत उठतं, कोणाची आई लवकर न्यायला येते. मी वीस नियम करत नाही. बादली दारातच ठेवते. चित्राचं काहीही होवो, ब्रश धुतल्याशिवाय दाराबाहेर जायचं नाही."

वाल्देमार जागच्या जागी थांबला. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. कारण दारातली ती बादली पास्कलमध्ये होती, आणि पंचवीस वर्षं तो रोज वापरत होता!

‘ट्राय’ असा एक शब्द लिहायचा आणि त्याच्या खाली करायचं ते काम. मग ‘फायनली’ लिहायचं आणि त्याच्या खाली आवराआवर. वरचं काम नीट संपो, मधेच चूक होवो, की कोणी सांगितलं म्हणून अर्ध्यातून उठावं लागो, बाहेर पडायची वाट ‘फायनली’च्या दारातूनच जाते. संगणकाची चिमूटभर जागा परत करायला वाल्देमार हे न चुकता लिहायचा. पण गच्चीवरून कोसळणारं पाणीसुद्धा आवराआवरीत मोडतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. टॉवेलाचंही त्याचं असंच होतं म्हणा.

त्याने नव्याने लिहायला घेतलं. पंप चालू करायची ओळ, तिच्या लगेच खाली ‘ट्राय’, मग पातळी मोजणं, मग ‘फायनली’. आणि मग त्याला सभेचा ठराव आठवला. दुखावलेला माणूस नियम फार काटेकोरपणे पाळतो. ‘फायनली’च्या खाली त्याने पहिल्या ओळीत निवेदन घातलं आणि दुसऱ्या ओळीत पंप बंद. निवेदनाची भाषा त्याने दोन दिवस घासूनपुसून तयार केली. "सन्माननीय रहिवासी बंधुभगिनींनो, काही अपरिहार्य कारणास्तव पंप बंद होत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आम्ही आभारी आहोत." खाली ‘ठीक आहे’ असं बटण.

जत्रेच्या दिवशी सकाळी दहा वाजता चाचणी ठरली. अंगणात शेकोटीची लाकडं रचलेली, रंगीत पताकांच्या माळा पसरलेल्या. सेऊ जेनेझियो फाटकापाशी माळेचं टोक धरून बसले होते. दोना झुलैका एका सुरक्षित कोपऱ्यात उभ्या होत्या. सगळ्यांना दिसेल असा वाल्देमार गच्चीच्या कठड्याशी आला, हात उंचावला आणि स्वतःच्या हाताने वायर उपसली.

पंपाची घरघर थांबण्याची तो वाट पाहत राहिला. घरघर थांबेना.

‘फायनली’ने आपलं काम चोख केलं होतं. खाली पहारेकऱ्याच्या रिकाम्या खोलीत, पडद्याच्या मधोमध, सन्माननीय रहिवासी बंधुभगिनींना उद्देशून निवेदन झळकलं होतं. आता ‘ठीक आहे’ कोणी दाबेपर्यंत पुढच्या ओळीवर जायचं नाही, इतकी सभ्यता त्या प्रोग्रामच्या अंगी होती. आणि दाबणारे रहिवासी अंगणात मान वर करून उभे होते.

लिफ्ट अजून वाळत होती. वाल्देमार दहा मजले धावत उतरला. तो आठव्यावर असताना टाकी भरली, पाचव्यावर असताना गच्चीच्या पन्हळीतून धार सुटली, आणि तळाशी पोचला तेव्हा शेकोटीची लाकडं न्हाऊन निघाली होती. त्याने खोलीत घुसून ‘ठीक आहे’ दाबलं. पंप तत्क्षणी थांबला.

सगळ्यांनी दोना झुलैकांकडे पाहिलं. त्यांनी पिशवीतून ठराव काढला, चष्मा लावला आणि वाचला.

"‘कोणाही व्यक्तीवर’ असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "लाकडं या इमारतीत राहत नाहीत. संधी कायम."

"पण दोना झुलैका..." डॉक्टर एवेराल्दो म्हणायला गेले.

"डॉक्टर, तुम्ही भिजलात?"

"अजून नाही."

"मग बसा."

वाल्देमार पडद्यासमोर डोकं धरून बसला होता. मक्याच्या पानात उकडलेल्या पामोन्यांचं ताट घेऊन इव्होनेत आत आली. तिने निवेदन वाचलं, खालच्या दोन ओळी कोणत्या क्रमाने आहेत ते विचारलं आणि म्हणाली, "अरे, मुलं भांडत आली की मी आधी ब्रश धुवायला लावते, मग कोणी कोणाला चिमटा काढला ते ऐकते. आधी ऐकत बसले तर रंग वाळून जातो."

"पण ठरावात ‘आधी’ लिहिलंय. अधोरेखित आहे."

"ठराव कोरडा आहे रे. लाकडं भिजलीत."

दोना झुलैका दारातच उभ्या होत्या. "मी काही ऐकलं नाही," असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली आणि पताका मोजायला लागल्या.

वाल्देमारने खालची ओळ वर घेतली आणि वरची खाली. निवेदनात ‘बंद होत आहे’ होतं तिथे ‘बंद झाला आहे’ केलं. महिनाभराच्या अपमानावरचा तो इलाज करायला अर्धं मिनिटही लागलं नाही; उपसलेली वायर परत जोडायलाच जास्त वेळ गेला.

चार वाजता जत्रा सुरू झाली. गवती हॅट, ठिगळांचे शर्ट, मिशा रंगवलेली पोरं, सगळं दरवर्षीसारखं. फक्त यंदा प्रत्येकाच्या हातात छत्री होती. जूनमधलं कोरडं, निळं आकाश, ढगाचा ठिपका नाही, आणि डॉक्टर एवेराल्दो तर रेनकोट घालून आले होते. साडेचारला पंपाची घरघर सुरू झाली. अकॉर्डियनवाला मधेच थांबला. एकामागून एक छत्र्या उघडल्या. मग अकॉर्डियन पुन्हा वाजू लागलं आणि लोक छत्र्यांसकट नाचू लागले.

सेऊ जेनेझियो मात्र नाचाकडे पाहत नव्हते. ते गच्चीकडे पाहत होते, आणि त्यांचा हात खिशातल्या किल्लीवर होता.

पाचच्या सुमारास डॉक्टर एवेराल्दोंना वाटलं, पताकांची माळ सैल पडली आहे. त्यांनी खालून ती जोरात ओढली. माळेचं वरचं टोक त्यांनीच दुपारी गच्चीवर एका सोयीच्या वायरला बांधलं होतं. पताका एकदम खाली आल्या आणि त्यांच्यामागून टाकीची वायर सापासारखी लोंबत आली.

वाल्देमारच्या हातातला कप कलंडला. पंपाची घरघर ऐकू येत होती.

आणि मग ती थांबली.

छत्र्या तशाच ताणलेल्या. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. सगळ्यांचे कान वर. काही पडलं नाही. काही झालं नाही. आता, काहीच झालं नाही याबद्दल टाळ्या कशा वाजवायच्या, हे लोकांना कळत नाही. त्यामुळे वाल्देमारच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय साजरा करायला टाळी एकही वाजली नाही.

दोना झुलैका पहारेकऱ्याच्या खोलीत गेल्या. चष्मा लावून त्यांनी निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. "‘झाला आहे’," त्या पुटपुटल्या. मग स्वतःच्या बोटाने ‘ठीक आहे’ दाबलं, बाहेर आल्या आणि सगळ्यांच्या देखत छत्री मिटली.

"भाषा चांगली आहे, सेऊ वाल्देमार," त्या म्हणाल्या.

अंगणभर छत्र्या मिटल्याचे आवाज झाले. सेऊ जेनेझियोंनी खिशातून किल्ली काढली, दोनदा हातात खेळवली आणि खोलीतल्या खिळ्याला अडकवली. मग ते तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंसमोर जाऊन वाकले आणि डाव्या पायावर भार देऊन नाचाच्या रांगेत उभे राहिले. शेकोटी ओल्या लाकडांमुळे नुसती धुमसत होती. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि वाल्देमारच्या डोळ्यांतलं कशाचं ते कोणी विचारलं नाही.

रविवारी वायर लावायला खिळ्यावरची किल्ली घेऊन वाल्देमार स्वतःच शिडी चढला. त्याला संत सातच येत होते. पुढच्या पायऱ्या त्याने औषधांच्या दुकानांची नावं घेत काढल्या. घामाघूम होऊन घरी आला, आंघोळ केली, आणि ओला टॉवेल पलंगावर टाकून मोठ्या समाधानाने आडवा झाला.

इव्होनेतने टॉवेलाकडे पाहिलं. कपाटातून हातोडी काढली आणि न्हाणीघराच्या दारातच, बाहेर पडणाऱ्याच्या नाकाला लागेल अशी, एक खुंटी ठोकली.